गोळी पोटात गेल्यावर

किनवटच्या तांड्यावरून आलेली बाई असो की उदगीरच्या मोंढ्यातला हमाल, दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर मागणी ठरलेली: "डॉक्टरसाहेब, एक सुई मारा, गोळ्यांनी गुण येत नाही." अंगात त्राण नसेल तर जोडीला "एक बाटली लावा". याला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण या मागणीत औषधाविषयीचा एक पक्का सिद्धांत दडलेला आहे: औषध रक्ताच्या जितकं जवळ, तितकं जालीम. हा सिद्धांत कधी खरा असतो, बहुतेकदा नसतो. कधी खरा आणि कधी खोटा, हे ज्याला कळलं त्याला औषधशास्त्राचा निम्मा पाया कळला.

नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १९८८ सालचं. लातूरला विलासराव देशमुखांच्या नावाची शासकीय संस्था आहे, खासगी महाविद्यालय आहे, आणि डॉ. अशोक कुकडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली उभं केलेलं विवेकानंद रुग्णालय आहे. दोन्ही शहरांत 'नीट'च्या शिकवण्यांना गावोगावची मुलं येऊन राहतात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर राज्यभर झाला. डॉक्टर घडवण्याचा एवढा ध्यास असलेल्या या मुलखात पेशंटला मात्र आपल्या हातातली गोळी नेमकं काय करते हे सहसा कोणी सांगत नाही. ओपीडीत माणशी दोन-तीन मिनिटं मिळतात. उरलेलं शिक्षण मेडिकलच्या काउंटरवर होतं: "ही सकाळी, ही रात्री, ही जेवणाआधी." का, ते विचारायचं नाही.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना हा विषय दोन भागांत शिकवतात. एक, औषध शरीरावर काय करतं. दुसरा, शरीर औषधाचं काय करतं: ते कसं शोषलं जातं, कुठे पसरतं, कोण त्याची मोडतोड करतं, कुठून बाहेर पडतं. सामान्य माणसाला पहिला भाग थोडाफार ठाऊक असतो; ही तापाची, ही बीपीची. दुसरा भाग त्याच्या गावीही नसतो, आणि माझ्या मते आपल्याकडच्या औषधांची बहुतेक फसगत तिथेच होते.

आधी सुईचा हिशोब करू. गिळलेली गोळी जठरात विरघळते, लहान आतड्यात शोषली जाते आणि तिथलं रक्त तिला थेट यकृतात नेतं. यकृत आपला वाटा मोडून उरलेलं औषध शरीरात सोडतं. किती उरतं, हे औषधागणिक बदलतं. पॅरासिटामॉलचा सुमारे ७० ते ९० टक्के भाग शाबूत पोचतो, तोही तासाभरात. म्हणजे साध्या तापात सुईने थोडा वेळ वाचतो, बाकी काही नाही. बदल्यात दुखरा कुल्ला मिळतो, आणि हात चुकला तर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला इजा होऊन पाऊल लुळं पडू शकतं.

आता उलट उदाहरण. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी घराघरांत माहीत आहे. ती गिळली तर यकृत तिचा बराचसा भाग हृदयापर्यंत पोचण्याआधीच मोडून टाकतं. जिभेखालचं रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं, म्हणून ती काही मिनिटांत काम करते. घाबरून ती पाण्याबरोबर गिळायला लावणारे नातेवाईक नेमका हा वळसाच घालवतात. इन्सुलिनची गोष्ट तिसरीच. ते प्रथिन आहे. गिळलं तर वरणातल्या प्रथिनासारखं पचून जाईल. तिथे सुईला पर्याय नाही, आणि गंमत अशी की जिथे ती खरोखर लागते तिथेच माणसं तिला सर्वांत जास्त टाळतात. "एकदा इन्सुलिन सुरू झालं की सुटत नाही" ही भीती नांदेडच्या डॉक्टर लेनमध्येही तितकीच ऐकू येते जितकी एखाद्या वाडीत.

अनशापोटी आणि जेवणानंतर या सूचनाही पथ्याच्या वाटतात, पण त्यांच्यामागे साधं रसायन आहे. थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेतली तर तिचं शोषण घटतं. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर आणखी घटतं. मग 'गोळी चालू असूनही' तपासणीतलं टीएसएच उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि दोष चहाचा राहतो. 'गॅसची गोळी' म्हणून ओळखली जाणारी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पंपांना कायमचं बंद करते; पण फक्त त्या क्षणी चालू असलेल्या पंपांना. पंप सुरू होतात जेवणाने. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास पोटात हवी. लग्नाच्या पंगतीतून उठून, छातीत जळजळल्यावर ती घेणारा आपले पैसे बऱ्याच अंशी वाया घालवतो. वर्षानुवर्षं ती रोज घेणाऱ्यांत बी-१२ घटू शकतं, हेही सांगायला हवं. ही गोळी कुणाला 'औषध' वाटतच नाही.

'ताकदीच्या बाटली'वर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, सुमारे शंभर कॅलरी. नॉर्मल सलाईनच्या तेवढ्याच बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. ताकद नाही, जीवनसत्त्व नाही. उलटी थांबत नाही, पेशंट बेशुद्ध आहे, रक्तदाब कोसळलाय, तेव्हा हीच बाटली जीव वाचवते, एरवी नाही. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी खेचलं जातं, या एका शोधावर ओआरएसची पुडी उभी आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हेच मीठ-साखरेचं पाणी पाजलं आणि कॉलऱ्याचे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपासवरून चार टक्क्यांच्या खाली आणले. पुडी लिटरभर पाण्यातच कालवायची. कमी पाण्यात घट्ट केली तर जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

यानंतर वेळेचा प्रश्न. "दोन दिवस बीपीची गोळी घेतली, काही फरक नाही, म्हणून बंद केली." हे वाक्य ऐकलं नाही असा फिजिशियन लातुरात सापडणार नाही. रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला अर्धायू म्हणतात. बीपीच्या ॲम्लोडिपिनचा अर्धायू ३० ते ५० तास. रोज एक गोळी म्हणजे तळाशी बारीक गळती असलेल्या हौदात रोज एक घागर ओतणं. भरती आणि गळती यांची बरोबरी व्हायला चार-पाच अर्धायू जावे लागतात, म्हणजे आठवडाभर तरी. दोन दिवसांत हौद भरतच नाही. थायरॉक्सिनचा अर्धायू सात दिवस, म्हणून डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच तपासणं म्हणजे लॅबचं भलं करणं. याउलट अमॉक्सिसिलिन तासाभरात निम्मं होतं, म्हणून ते दिवसातून तीनदा. ॲझिथ्रोमायसिन पेशींत कित्येक दिवस मुक्काम करतं, म्हणून तीन दिवसांचा कोर्स पुरतो. तीन गोळ्यांचं औषध 'पावरबाज' आणि पंधरा गोळ्यांचं 'हलकं', हा समज इथून निघाला असावा.

ॲस्पिरिन मात्र या हिशोबालाही चकवतं. रक्तात ते वीस मिनिटंही धड टिकत नाही. पण तेवढ्यात रक्तातल्या चकत्यांमधलं (प्लेटलेट्समधलं) एक विकर (एन्झाइम) ते कायमचं निकामी करतं, आणि चकतीला केंद्रक नसल्याने ती ते पुन्हा बनवू शकत नाही. चकतीचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं, परिणामही तेवढाच. म्हणून हृदयविकाराच्या पेशंटला रोज ७५ मिलिग्रॅमची चिमुकली गोळी पुरते, आणि मोठ्या शस्त्रक्रियेआधी ॲस्पिरिनचं काय करायचं हे काही दिवस आधीच विचारावं लागतं. ॲस्पिरिन मुळात कसं काम करतं, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं; त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

औषध शरीरावर काय करतं, या भागाचं सर्वांत देखणं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शिकले नागपुरात, नोकरी लागली १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे लाल विंचवाने चावलेली धडधाकट माणसं, मुलं तोंडाला फेस येऊन डोळ्यांदेखत मरत होती. हा विंचू मराठवाड्याच्या दगडधोंड्यांतही आहे. त्याचं विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं. मज्जातंतू थांबायचं विसरतात आणि ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट रक्तात येतो. ही द्रव्यं रक्तवाहिन्यांवरच्या 'अल्फा' नावाच्या ग्राहींवर बसतात, वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. बावस्करांनी प्राझोसिन वापरलं. हे तेव्हाचं रक्तदाबाचं एक साधं, स्वस्त औषध. ते विषाला हातही लावत नाही. फक्त अल्फा ग्राहींची जागा अडवून बसतं. ॲड्रेनलिन रक्तात आहे, पण त्याला बसायला जागा नाही. १९८६ साली हे काम 'लॅन्सेट'मध्ये आलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं सुमारे चाळीस टक्क्यांचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला या कथेत शौर्याइतकाच तपशील महत्त्वाचा वाटतो. प्राझोसिनचा अर्धायू दोन-तीन तास, म्हणून डोस दर तीन तासांनी. पहिल्या डोसनंतर उभं राहिलं तर रक्तदाब एकदम पडतो, म्हणून पेशंटला आडवंच ठेवायचं. औषध शरीरावर काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं, दोन्ही माहीत असल्याशिवाय ही गोळी जीव वाचवत नाही. नंतर २०११ मध्ये बावस्करांनीच दाखवलं की प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली तर पेशंट आणखी लवकर सावरतो.

सापाच्या प्रतिविषाचा नियम तर डॉक्टरांच्याही नातेवाइकांना उलटा वाटतो. मुलाला डोस वजनावर द्यायचा असतो ना? इथे नाही. प्रतिविषातली प्रतिपिंडं शरीरातल्या विषाला पकडतात, आणि साप समोर लहान मूल आहे म्हणून विष कमी सोडत नाही. म्हणून पाच वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाएवढाच डोस. कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिनचं मोजमाप आणखी वेगळं: किलोवर नाही, छातीतला घरघराट कोरडा होईपर्यंत. कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात हे ज्ञान पुस्तकी नाही; २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी दगावले होते.

आता मराठवाड्याचं स्वतःचं दुखणं: पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली, ते देशाने पाहिलं. पाणी नसलेल्या शरीरात औषध कसं वागतं, हे कमी लोकांनी पाहिलं. उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर असतो. बांधकामावरचा मजूर, उसाच्या फडातली बाई, दिवसभर घाम गाळून घोटभर पाणी पितात आणि संध्याकाळी कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी घेतात; बहुतेक वेळा चिठ्ठीशिवाय, मेडिकलमधून सुटी. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनू देत नाहीत. दुखणं थांबतं, कारण ही द्रव्यं वेदना वाढवतात. पण हीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात, आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक धमनी उघडी ठेवतात. पाणी भरपूर असलेल्या तरुणाला दोन दिवसांच्या गोळ्यांनी सहसा काही होत नाही. सुकलेल्या शरीरात तीच गोळी मूत्रपिंडाचा शेवटचा आधार काढून घेते.

त्यात पन्नाशी उलटलेली असेल, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू असेल आणि लघवी जास्त करणारी गोळीही त्याच पाकिटात असेल, तर प्रश्न तिपटीने वाढतो. टेल्मिसार्टन मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणारी धमनी सैल करतं, लघवीची गोळी पाणी घटवते, वेदनाशामक आत येणारी धमनी आवळतं. तिन्ही बाजूंनी गाळणीतला दाब पडतो. जुलाब-उलट्यांच्या साथीत अशा पेशंटची लघवी अचानक बंद होते आणि घरचे म्हणतात, "कालपर्यंत चांगले होते." शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही अडकतं. यकृत त्याला हातही लावत नाही, ते जसंच्या तसं मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं. मूत्रपिंड थांबलं की ते साचतं आणि रक्तात आम्ल वाढण्याचा धोका तयार होतो. उलट्या-जुलाब सुरू झाले की रोजच्या गोळ्यांपैकी कोणत्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे डॉक्टरांना फोन करून विचारावं. बीपी-शुगरच्या प्रत्येक पेशंटला ही सूचना उन्हाळ्याआधी मिळायला हवी, मिळत नाही.

उन्हाची झळ इन्सुलिनलाही लागते. न फोडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवायची, वापरातली थंड जागी साधारण चार आठवडे चालते. भारनियमनात किंवा फ्रिज नसलेल्या घरात ओल्या मातीच्या माठात, पिशवीत बांधून ठेवलेली कुपी उन्हात राहिलेल्या कुपीपेक्षा नक्कीच बरी. एसटीच्या खिडकीत तापलेल्या पिशवीतलं इन्सुलिन दिसायला तसंच दिसतं, काम कमी करतं.

उपवासाचं गणित याच जातीचं. माहूरच्या रेणुकेचे नवरात्र, एकादशी, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे; नांदेड-लातूरमध्ये वर्षभर कुणाचा ना कुणाचा उपवास असतोच. ग्लिमेपिराईडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, समोर अन्न असो वा नसो. सकाळी गोळी घेऊन दिवसभर काही न खाणारा दुपारी घामाघूम होऊन कोसळतो. मेटफॉर्मिन एकटं असेल तर हा धोका फार कमी, कारण ते मुख्यतः यकृताचं साखर तयार करणं कमी करतं. दोन्ही 'शुगरच्या गोळ्या', पण उपवासाच्या दिवशी त्यांची वागणूक अगदी वेगळी. आणि साबुदाण्याच्या खिचडीवर काढलेला उपवास शुगरवाल्याला उपवास नव्हेच.

क्षयाच्या औषधांनी औषधांमधलं भांडण नीट दिसतं. रिफाम्पिसिन यकृतातली, औषधांची मोडतोड करणारी विकरं वाढवतं. परिणामी गर्भनिरोधक गोळी निकामी ठरू शकते, शुगरच्या काही गोळ्या कमी पडतात. लघवी नारिंगी होते, ती घाबरण्यासारखी नाही. आयसोनायझिड मोडण्याचा वेग माणसागणिक जन्मजात वेगळा. भारतीयांमधले निम्म्याच्या आसपास लोक ते हळू मोडतात आणि त्यांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा संभव जास्त, म्हणून जोडीला बी-६. एकच डोस दोन भावांना वेगळा लागू शकतो, तो असा.

सर्वांत जास्त गुण येणाऱ्या गोळीबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. दमा, खाज, सांधे, ताप, सगळ्यावर झटपट उतारा देणारी बारीक पांढरी गोळी किंवा बेनामी पुडी पुष्कळदा स्टेरॉईडची असते. योग्य जागी ते अमृत आहे. महिनोन्महिने घेतलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवणं सोडून देतं. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केलं तर पेशंट कोसळू शकतो. 'हात गुणाचा' अशी ख्याती काही ठिकाणी याच पुडीवर उभी आहे.

आणि हे सगळं शास्त्र औषध खरं आणि हातात असेल तरच लागू. २०२३ च्या ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरच्या दरम्यान विष्णुपुरीच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालकं होती. औषधांच्या तुटवड्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०२४ च्या अखेरीस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरवलेल्या ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्यावरून गुन्हा नोंदवला गेला. औषध नसलेल्या गोळीला अर्धायू नसतो.

खरेदीची यंत्रणा पेशंटच्या हातात नाही. काउंटरवरचा प्रश्न मात्र आहे. फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमावलीनुसार औषध देताना पेशंटला ते समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कर्तव्य आहे, मेहरबानी नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, अंगदुखीच्या पुड्यांसकट, एका पिशवीत न्या. ही गोळी कशासाठी, किती दिवस, कशाबरोबर नको, एवढं विचारा, आणि उत्तर मराठीत चिठ्ठीवर लिहून मागा.